कूलरला पाणी कुठून?

नागपुरात घर पाहून राहिलो असं कुणाला सांगितलं की तो भाव विचारत नाही, रोड विचारतो. "कोणत्या रोडला?" वर्धा रोड म्हटलं तर "वा, वा!" हिंगणा रोड म्हटलं तर "मिस्टर एमआयडीसीत आहेत का?" आणि कामठी रोड म्हटलं की जरा थांबून, आवाज खाली आणून, "कामठी? काहून?" शहराची ठेवणच तशी. मधे बर्डी आणि झिरो माईल, तिथून वर्धा, हिंगणा, अमरावती, काटोल, कोराडी, कामठी, भंडारा, उमरेड असे रस्ते चहूकडं सुटलेले. कोणत्याही रस्त्यानं रिंग रोड ओलांडून पुढं गेलं की एक गाव लागतं. कागदावर ती गावं कुठं नगरपंचायत आहेत, कुठं नगरपरिषद. तिथली बरीच माणसं मात्र सकाळी नागपुरात येतात आणि रात्री झोपायला परत जातात.

आम्ही त्रिमूर्ती नगरात भाड्यानं राहतो. ह्यांची नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत, म्हणजे दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर. माझं ऑफिस सदरला, म्हणजे उत्तरेच्या अंगाला. घरात सासूबाई आणि आठवीतली लेक. शहरात आमच्या पैशांत येतो तो तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला, दोन खोल्यांचा जुना फ्लॅट. सासूबाईंचे गुडघे पाहता तो विषय लवकरच संपला. मग बाहेर. पण बाहेर म्हणजे नेमकं कुठं, यावर आमच्या घरात जेवढी भवति न भवति झाली तेवढी आमचं लग्न ठरतानासुद्धा झाली नव्हती.

सुरुवात वर्धा रोडनं झाली, कारण सगळ्यांची तिथूनच होते. हा रोड भविष्यकाळात विकला जातो. विमानतळालगतच्या मिहान या मोठ्या उद्योग प्रकल्पाचं नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हापासून खापरीच्या पुढच्या प्रत्येक शेताला 'मिहान टच' हे विशेषण लागलं. आमच्या नात्यातल्या कितीतरी लोकांनी त्या काळात तिकडं प्लॉट घेऊन ठेवले. दिवाळीच्या सुटीत एकदा जायचं, गवत काढायचं, खुणेचे दगड जागेवर आहेत ना ते पाहायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा त्या जमिनीशी संबंध. खरं बोलायचं तर आता तिथं बरंच काही उभं आहे. एम्स आहे, आयआयएम आहे, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, २०१९ पासून खापरीपर्यंत मेट्रो आहे. जामठ्याला २००८ पासून क्रिकेटचं स्टेडियम आहे, आणि मॅचच्या दिवशी वर्धा रोडला काम निघालं तर शहाणा माणूस ते दुसऱ्या दिवसावर ढकलतो. हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू होतो, ७०१ किलोमीटरचा. डिसेंबर २०२२ मध्ये तो शिर्डीपर्यंत खुला झाला आणि जून २०२५ मध्ये थेट मुंबईच्या बाजूपर्यंत.

एजंटला हे सगळं तोंडपाठ होतं. कडक उन्हात, बाभळीच्या अर्ध्या सावलीत उभं राहून त्यानं आम्हाला सांगितलं, "ताई, मुंबई आठ तासांवर आली."

मी विचारलं, "दूध कुठं मिळते?"

"दूध काय ताई, वस्ती झाली की येईनच न."

पुढं बुटीबोरी. तिथं गाव आहे, बाजार आहे, शाळा आहेत, कारखान्यांमुळं पैसा खेळतो, आणि ह्यांना तर घरून पायी कामावर जाता आलं असतं. पण ह्यांनीच मोडता घातला. "दिवसभर कारखान्याची तीच चिमणी पाहतो, रात्री खिडकीतूनही तीच पाहू का?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिवाय माझा सदरपर्यंतचा प्रवास कुणी मोजतच नव्हतं, ते एक वेगळंच.

मनीषनगरच्या पुढं बेसा, पिपळा, बेलतरोडी हा पट्टा मात्र आम्ही खूप मनापासून पाहिला. आमच्यासारख्या नोकरदारांनी भरलेला, स्वच्छ, रंगीत इमारतींचा, दर चौकात डोशाची गाडी आणि कोचिंग क्लासची पाटी. लेकीला बेसाच हवं होतं, कारण तिच्या वर्गातल्या मुली तिथं राहतात. तिथं एक फ्लॅट एप्रिलच्या शेवटी पाहिला. ज्यांचा होता त्या काकू फार अगत्यशील. त्यांनी पन्हं दिलं, कपाटं उघडून दाखवली, देवघर दाखवलं. हॉलच्या खिडकीत कूलर चालू होता, आणि माझं सगळं लक्ष त्या कूलरवर.

नागपूरच्या बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल. इथं घराला पाणी पुरतं की नाही हे नळ सोडून कळत नाही, ते मे महिन्यात कूलरवरून कळतं. पारा ४५ च्या पुढं गेला की एसी असलेल्या घरातही हॉलला कूलर लागतोच, आणि मोठा कूलर दिवसभर चालला तर त्याची टाकी दोनदा भरावी लागते. पिण्याचं पाणी माणूस कॅनचं आणू शकतो. कूलरला कॅनचं पाणी कोण घालणार? आणि ते पाणी कसलं आहे तेही कूलरच सांगतो. काकूंच्या कूलरच्या ताट्या एकाच उन्हाळ्यात पांढऱ्या पडल्या होत्या. वुडवूलवर क्षारांचा जाड थर बसलेला, हात लावला तर कडक, चुरा होऊन हातात यावा असा. खालच्या ट्रेच्या कडेलाही पांढरी रेघ. पंप नवा होता. मी विचारलं तर काकू पटकन बोलून गेल्या, "दरवर्षी पंप बदलाव लागते, बोरिंगचं पाणी आहे न." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण घर विकून राहिलो, आणि त्या पन्ह्याच्या ग्लासांकडं वळल्या.

तो फ्लॅट गेला तो असा. त्यानंतर कुठंही गेलो तरी मी आधी कूलर पाहायची, मग गिझर, मग नळाची तोटी. हे म्हणायचे, "तू घर पाहायला येते का कूलर?" पण खाली वॉचमनला काय विचारायचं ते शोधायचं कामच उरत नाही. टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे धरतात की वेगळे मागतात, हे कूलरच्या ताट्या पाहिल्यावर आपोआपच विचारलं जातं. शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी आहे. बाहेरच्या नव्या वस्त्यांमध्ये पाइपलाइन कुठं पोचली, कुठं टाकी बांधून तयार आहे पण पाणी यायचं आहे, कुठं नुसतं भूमिपूजन झालं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन उत्तरं मिळतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. नागपूर ही दोन भूगर्भांच्या शिवेवरची वस्ती आहे, हे मला या भानगडीत पडल्यावर एका निवृत्त इंजिनिअर काकांकडून कळलं. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण इथवर येतो आणि संपायला लागतो. त्याच्या माथ्यावर ती काळी कपाशीची माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. उत्तर-पूर्वेला कामठीकडं गेलं की खडक बदलतो, लालसर वालुकाश्म लागतो. त्या खडकाला भूगर्भशास्त्रात नावच 'कामठी' आहे. काळ्या मातीवर घर बांधू नये असं नाही, अर्ध्या विदर्भाची घरं तिच्यावरच आहेत. पण पाया मुरमापर्यंत नेला पाहिजे, आणि ते खर्चाचं काम बिल्डर करतो की नाही हे बांधून झाल्यावर दिसत नाही. दिसतं ते दोन पावसाळ्यांनंतर. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर, केसासारखी बारीक, पुट्टी मारून लपवलेली. काकांनी मला ती ओळखायला शिकवली. प्लॅस्टरची चीर नकाशासारखी पसरते, पाया हलल्याची चीर तिरपी चालते.

कागदपत्रांचं प्रकरण मी थोडक्यात आटोपते, नाहीतर लेख संपायचा नाही. या शहरात प्लॉट हा शब्द एकटा फिरत नाही. "आरएल आहे का? एनएटीपी आहे का? डिमांड भरली का?" असे तीन प्रश्न, म्हणजे प्लॉट नियमित आहे का, बिनशेती आहे का, विकास शुल्क भरलं का, त्याच्या मागोमाग येतातच. नागपूर सुधार प्रन्यास ही शहराच्या नियोजनाची संस्था १९३६ च्या कायद्यातून आली, पण शहर तिच्या नकाशाच्या वेगानं कधीच वाढलं नाही. शेतं तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, लोकांनी घरं बांधली, आणि मग २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ते नियमित करायला घेतलं. '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे अशा नियमित करायला घेतलेल्या लेआउटांचे आकडे इथल्या माणसाला पाढ्यासारखे पाठ आहेत. रिंग रोडच्या बाहेर २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए. बाहेर गेलं की हा फरक फार महत्त्वाचा होतो. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर उभ्या राहिलेल्या फ्लॅट स्कीमा या पट्ट्यात आहेत. त्या दिसायला तशाच देखण्या असतात, लोक राहतातही सुखानं, पण बँकेनं कर्ज नाकारलं की विकणारा म्हणतो, "दुसऱ्या बँकेत करून देतो न!" आठपेक्षा जास्त फ्लॅटची नवी स्कीम असेल तर महारेराचा नंबर मागावा, आणि तो पाटीवरून वाचून गप्प न बसता मोबाइलवर टाकून पाहावा. एका ठिकाणी पाटीवरचा नंबर टाकला तर दुसऱ्याच स्कीमचं नाव आलं. एजंट म्हणाला, "पेंटरची चूक आहे."

हिंगणा रोडवर आमचं जवळजवळ जमलं होतं. जानेवारी २०२० पासून मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत जाते, तिथून पुढं वानाडोंगरी. लता मंगेशकर हॉस्पिटल, इंजिनिअरिंग कॉलेज, भाड्यानं राहणारी पोरं, मेस, झेरॉक्सची दुकानं, सगळं जिवंत. ह्यांना बाहेरच्या रिंग रोडनं बुटीबोरी गाठता आली असती आणि मला मेट्रोनं बर्डी, तिथून गाडी बदलून पुढं. तिढा असा की वानाडोंगरी वेगळी आणि खुद्द हिंगणा वेगळं, आणि एजंट दोन्हीला हिंगणाच म्हणतो. मेट्रोच्या खांबाच्या सावलीतलं घर महाग, आणि परवडणारं घर वेणा नदीच्या बाजूला, जिथून मेट्रो स्टेशनला जायलाच गाडी काढावी लागते. त्यात एमआयडीसीची शिफ्ट सुटायची वेळ. एका संध्याकाळी आम्ही मुद्दाम त्याच वेळी तिथून निघालो. अर्ध्या रस्त्यात सासूबाई म्हणाल्या, "इतक्यात तर मी वरधेला पोचली असती."

वाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोडाऊन आणि ट्रक. अमरावती रोडनं रात्री येताना दोन्हीकडून ट्रकांच्या रांगा, आणि आमची लेक स्कूटी शिकायच्या वयाची होत आलेली. आयुध निर्माणीकडचा, डिफेन्सचा भाग मात्र झाडांनी भरलेला आणि देखणा. पण तो आपल्याला विकत मिळत नाही.

कोराडीला देवीमुळं सासूबाईंचा ओढा. जगदंबेच्या पायाशी घर, म्हातारपणी आणखी काय पाहिजे? तलाव, मंदिराचा नवा परिसर, नवरात्रात फुललेला रस्ता, सगळं खरंच छान आहे. पण त्याच गावात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन संच चालणारं औष्णिक वीज केंद्र आहे, आणि जवळच खापरखेड्याला दुसरं. कोळसा जळतो तिथं राख होते, आणि ती कुठंतरी साठवावी लागते. जुलै २०२२ मध्ये पावसात खसाळ्याच्या राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडून राखेचं पाणी शेतात आणि ओढ्यात गेलं, ते पेपरांत सगळ्यांनीच वाचलं. त्या बाजूच्या एका वस्तीत आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा शेजारच्या वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. कपडे टाकण्याआधी त्यांनी ओल्या फडक्यानं दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. फडकं करडं झालं. ते त्यांनी बादलीत पिळलं, परत एकदा दोरी पुसली, आणि मग कपडे घातले. हे करताना त्या आमच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. त्यांना त्यात काही विशेष वाटतच नव्हतं. सासूबाईंनी देवीला तिथूनच हात जोडले आणि गाडीत जाऊन बसल्या.

राहिली कामठी. आणि इथं मला जे म्हणायचं आहे ते सांगते.

घर पाहताना लोक मोठ्यानं विचारतात ते प्रश्न वेगळे आणि हळूच विचारतात ते वेगळे. रेट, रोड, पार्किंग हे मोठ्यानं. हळूच विचारायचा प्रश्न एकच, "वस्ती कशी आहे?" हा प्रश्न रस्त्याबद्दल नसतो, नाल्यांबद्दल नसतो, चोऱ्यामाऱ्यांबद्दलही नसतो. तो आडनावांबद्दल असतो. बेसाला एका एजंटानं आमचं आडनाव ऐकल्यावर लगेच आश्वस्त केलं होतं, "सर, सगळे आपलेच लोक आहेत." ह्यांनी विचारलं, "आपले म्हणजे कोणते?" तर तो हसला, उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं हे थट्टा करून राहिले. दुसऱ्या एका स्कीममध्ये विक्री करणारी मुलगी न विचारता म्हणाली, "क्राउड एकदम चांगला आहे." पाण्याचं विचारलं तेव्हा तिला ऑफिसात फोन लावावा लागला. क्राउडबद्दलचं तिला पाठ होतं.

कामठीबद्दल आम्हाला ज्यांनी ज्यांनी सावध केलं, त्यांतल्या एकानंही पाण्याचं, जमिनीचं, पुराचं काही काढलं नाही. सगळ्यांचा सूर एकच, "पाहून घ्या बाप्पा, तिकडं वस्ती मिक्स आहे." मिक्स तर आहेच. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसवली, आणि छावणीभोवती गाव वाढलं. शिपाई आले, व्यापारी आले, विणकर आले, विडीचे कारखाने आले. आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर तिथंच आहे. मराठी, हिंदी, उर्दू एकाच दुकानात एकाच वाक्यात ऐकू येतात. बाबू हरदास एल. एन. कामठीचे. घरोघर पोचलेलं 'जय भीम' हे अभिवादन रुजवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते हेच. विडी कामगारांत काम केलेले, १९३७ च्या निवडणुकीत आमदार झालेले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेलेले. १९९९ मध्ये झालेलं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर तर आता दूरदूरच्या लोकांना माहीत आहे. दोनशे वर्षं जे गाव मिक्स राहून आलंय, त्याला बेसाच्या दहा वर्षं वयाच्या लेआउटनं 'वस्ती कशी आहे' असं विचारणं मला जरा गमतीचं वाटतं.

पण मी कामठीकडं वळले ती तत्त्वासाठी नाही, हे कबूल करते. मी वळले बाजारामुळं. बाकीच्या ठिकाणी आम्ही घरं पाहिली. कामठीत घर पाहून झाल्यावर चप्पल तुटली म्हणून बाजारात शिरलो, आणि चप्पल शिवून झाली, कूलरच्या ताट्या बदलणारा दिसला, पितळेला कल्हई करणारा दिसला, कापड दुकानातल्या चाचांनी सासूबाईंना बसायला स्टूल दिलं. कुठल्याच दुकानावर 'लवकरच सुरू होत आहे' अशी पाटी नव्हती. नागपूर उद्या बंद पडलं तरी या गावात संध्याकाळी दिवे लागतील असं वाटलं. वर्धा रोडच्या त्या प्लॉटवर मला नेमकं हेच वाटलं नव्हतं.

मग आम्ही रीतसर तपासायला घेतलं, कारण आवडणं वेगळं आणि घेणं वेगळं. छावणीच्या हद्दीतली मालमत्ता विचारात घ्यायचीच नाही हे आधी ठरवलं. तिथं जमीन संरक्षण खात्याची, 'ओल्ड ग्रँट'चे जुने बंगले, आणि विकणारा कितीही गोड बोलला तरी जमीन त्याची नसते. नदीचंही पाहिलं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांचे दरवाजे उघडले तेव्हा कन्हान चढली होती आणि पारशिवनी, कामठी, मौदा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं होतं. जे घर मनात होतं त्याच्या शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांनी भिंतीवर हात ठेवून नव्हे, नुसतं दूरच्या उताराकडं बोट दाखवून सांगितलं, तिथवर आलं होतं. आणखी तिघांना वेगवेगळं विचारलं, उत्तर तेच आलं. नाहीतर पूर काही नदीकाठचाच मक्ता नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहरातल्या सगळ्यात महागड्या वस्त्यांमधल्या तळमजल्यांवर कमरेएवढं पाणी होतं. तिथं मात्र वस्ती कशी आहे असं कुणी विचारत नाही.

घर म्हणजे जुनं, बैठं, मागं छोटं अंगण आणि अंगणात विहीर. नगरपरिषदेचा नळ आहे. विहिरीचं पाणी सांडायला, कूलरला. मालक म्हातारे गृहस्थ, मुलं पुण्याला. त्यांच्या कूलरच्या ताट्या मी पाहिल्याच. जुन्या होत्या, काळपट पडल्या होत्या, पण हात लावला तर मऊ. स्लॅब नाही, वर कौलांच्या जागी घातलेले पत्रे, म्हणजे मे महिन्यात घर तापणार आणि आम्हाला छताचा खर्च करावा लागणार. स्वयंपाकघर अंधारं. संडास अंगणापलीकडं, तो आत घ्यावा लागेल. बेसाच्या फ्लॅटशी ठेवून पाहिलं तर दिसण्यात याचं काहीच नाही. लेकीनं एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आई, इथं माझ्या मैत्रिणी येतील का?" मी म्हटलं, येतील. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की हिला माझ्या मैत्रिणींबद्दल काय माहीत. तो प्रश्न सुटलेला नाही. त्यांच्या आया "कामठी? काहून?" म्हणणाऱ्यांपैकीच आहेत.

प्रवासाचा हिशोब ह्यांच्या वाट्याला वाईट आला. मी सुटले. ऑक्टोबर २०२४ पासून एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक दुमजली उड्डाणपूल झालाय, गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, पूल आणि मेट्रो असे चार थर एकावर एक. सदर आता जवळ वाटतं. ह्यांना मात्र कामठीहून ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रोनं शहर उभं कापून खापरी, पुढं कंपनीची बस. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. ती एका टोकाला कामठीवरून कन्हान नदीपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत जाणार आहे. म्हणजे आमचं घर आणि ह्यांची कंपनी एकाच रेघेवर येईल. मी हे उत्साहानं सांगायला लागले तर हे म्हणाले, "तू आता त्या वर्धा रोडच्या एजंटासारखी बोलून राहिली." मेट्रो येईल तेव्हा येईल, आजच्या रस्त्यानं जमत असेल तरच घ्यायचं, असं ठरलं. ह्यांनी काही दिवस त्या मार्गानं खरंच जाऊन-येऊन पाहिलं. जमतं म्हणाले. आनंदानं म्हणाले असं मी सांगणार नाही. वाचायला वेळ मिळतो, एवढं मात्र पुटपुटले.

सासूबाईंची एकच अट होती, वास्तुशांत करायची आणि कोराडीच्या देवीला ओटी आधी. ती मान्य झाली. बयाना दिला. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढायला घेतलाय. आखीव पत्रिकेवर मालकांच्या वडिलांच्या बहिणीचं एक नाव राहून गेलंय, त्या वारल्या, त्यांचे वारस जबलपूरला. त्यांची हक्कसोडपत्रं आल्याशिवाय पुढचा पैसा द्यायचा नाही असं वकिलांनी बजावलंय. दरम्यान रजिस्ट्री कुणाच्या नावानं यावर घरात नवी भवति न भवति सुरू झाली आहे. खरेदीदार फक्त बाई असेल तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ह्यांनी कॅल्क्युलेटर काढला, वाचणाऱ्या पैशांत अंगणापलीकडचा संडास आत येतो असं दाखवलं, आणि घर माझ्या नावानं करायला राजी झाले. सासूबाई म्हणतात, बाईच्याच नावानं करायचं तर माझं वय जास्त आहे.